दुसरं डुंगरसेमरा

चैत्र लागला आणि गहू पिकून खडखडीत झाला. ओंबी तळहातावर चुरली की दाणे आपसूक सुटत, दाताखाली कटकन फुटत. असा गहू उभा ठेवणं म्हणजे जेवण उघड्यावर वाढून झोपायला जाण्यासारखंच. मंदाकिनीबाई सकाळी उठल्या की चहाच्या आधी पश्चिमेकडे बघत. ढग नसला तर पातेलं गॅसवर चढायचं, असला तर त्या आधी नवऱ्याला बोलत आणि मग पातेलं चढवत.

नवऱ्याला बोलायला कारण लागतच नव्हतं, कारण विश्वनाथराव कायम फोनमध्ये असत. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभी हयात काढलेला माणूस. महाराष्ट्रातून नोकरीला आला आणि इथलाच झाला. कोटरा सुल्तानाबादला घर बांधलं, आणि निवृत्तीनंतर बैरसिया रोडच्या आतल्या अंगाला डोंगरसेमरी नावाच्या गावात जमीन घेतली. शेती करायला नव्हे, नुसती असावी म्हणून. ती करायला घेतली धाकट्या गिरीशने, मंडीदीपच्या कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सोडून. आता सगळं घरच सुगीपुरतं शेतातल्या दोन खोल्यांत येऊन राहिलं होतं.

गेल्या साली गारपिटीने गहू झोपवला होता. यंदा पेरणीच्या वेळी गिरीशने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे पीक नीट घरात आलं तर शेती, नाहीतर अशोका गार्डनला सासऱ्यांच्या दुकानात. सासरे विलासराव, त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी जावयाला निरोप धाडूनच ठेवला होता की गल्ल्यावर बसायचं, डोक्यावर पंखा आहे, उन्हात कशाला मरता. माणूस प्रेमाने बोलला होता, म्हणूनच ते जास्त लागलं. गिरीशची बायको ऋतुजा त्यांचीच लेक, पण बापाचं ते बोलणं तिलाही खाली मान घालायला लावणारं वाटलं. नवरा सासऱ्याच्या गल्ल्यावर बसलाय आणि गिऱ्हाइकं त्याला ‘जमाई बाबू, एक होल्डर देना’ म्हणतायत, हे चित्र तिला नको होतं.

तर असा तो गहू, आणि त्याच्या बांधावर बसून विश्वनाथराव गावाचं नाव सुधारत होते.

फोनमधल्या नकाशात डोंगरसेमरीचं डुंगरसेमरा झालं होतं. कुणी केलं, कधी केलं, देव जाणे. खरं डुंगरसेमरा सिहोरच्या पलीकडे, चांगलं बाजाराचं गाव. एका नावाची दोन गावं झाली. विश्वनाथरावांच्या जन्मात नकाशावरचं एक अक्षर चुकलं की अख्खी शीट परत यायची, साहेब लाल पेन्सिलीने खूण करायचा. त्यांना ते सहन होईना. त्यांनी नकाशावाल्यांना लिहिलं, तर ते म्हणाले सरकारी यादीत तसं आहे. विश्वनाथराव कचेरीत गेले. तिथल्या बाबूने त्यांना खुर्चीसुद्धा न देता सांगितलं, बाबूजी, इंटरनेटवर ज्ञानकोश आहे ना, त्यातून यादी जुळवली आहे. मग त्यांनी ज्ञानकोशात जाऊन नाव दुरुस्त केलं. दुपारपर्यंत ते कुणीतरी पुन्हा चुकीचं केलं आणि वर विचारलं, पुरावा काय? आणि स्वतःचा पुरावा म्हणून दिला होता तोच नकाशा. नकाशाला जामीन यादी, यादीला जामीन ज्ञानकोश, ज्ञानकोशाला जामीन नकाशा. चोराला सोडवायला त्याच्याच घरची माणसं उभी राहावीत तसं.

गावाला यातलं काही पडलं नव्हतं. गावाने तोडगा काढला होता. पाहुणा येवो, जनावरांचा डॉक्टर येवो, गॅसची गाडी येवो, अख्खं गाव एकच वाक्य सांगे: “नक्शे में डुंगरसेमरा डालो, दो आएंगे, दूसरे वाले पे आ जाना.” लग्नाच्या पत्रिकेतही तसंच छापू लागले होते. सरपंचाने तर रस्त्यावरची पाटी रंगवून घेतली आणि तिच्यावरही डुंगरसेमराच लिहिलं, म्हणजे कटकट नको. विश्वनाथराव त्याच्याकडे भांडायला गेले तेव्हा सरपंचाने चहा पाजला आणि म्हणाला, बाबूजी, नाम से क्या पेट भरता है. नंतर त्या पाटीवर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला आणि तो प्रश्नही मिटला.

मंदाकिनीबाईंना या नावाचा मनस्वी वीट आला होता. पाण्याची मोटर जळाली तेव्हा हे शाळेच्या जुन्या नावाच्या पत्र्याचा फोटो काढत होते. नीलगाई शेतात शिरल्या तेव्हा हे विहिरीच्या दगडावरची काजळी पुसत होते, कारण त्या दगडावर जुनं नाव कोरलेलं होतं आणि नकाशावाल्यांना पुरावा म्हणून तो हवा होता. त्या म्हणत, माणसाला नाद असावा, पण गावाचा नाद गावालाच नसेल तर तो आपल्याला कशाला हवा.

कापणीची मशीन ठरली होती. पंजाबातून हार्वेस्टर येतात, बैरसिया रोडला तळ टाकतात, आणि ज्याचा फोन आधी त्याचं शेत आधी. गिरीशने गुरमेल नावाच्या चालकाला पकडलं होतं. त्यालाही त्याने तेच वाक्य सांगितलं, दो आएंगे, दूसरे वाले पे आना. गुरमेल म्हणाला, ओ जी फिकर ना करो.

ठरल्या दिवशी सकाळी विश्वनाथरावांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठून उभे राहिले. नकाशावाल्यांनी त्यांची दुरुस्ती मान्य केली होती. विहिरीचा दगड कामी आला होता. फोनच्या पडद्यावर त्यांच्या शेताशेजारी स्पष्ट लिहिलं होतं, डोंगरसेमरी. त्यांनी ते ऋतुजाला दाखवलं, गिरीशला दाखवलं, बांधावरून चाललेल्या एका बाईला थांबवून दाखवलं. ती म्हणाली, हां तो, यही तो है. विश्वनाथरावांचे डोळे भरून आले होते, ते लपवायला ते ऋतुजाला म्हणाले की आज शिरा कर.

शिरा झाला. मशीन येणार म्हणून गिरीश ताटली हातात घेऊन उभ्यानेच खात होता, तेवढ्यात गुरमेलचा फोन आला.

“मैं तो पहुंच गया जी, आप किधर हो?”

गिरीशने रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. त्याने विचारलं, कहां पहुंच गए. गुरमेल म्हणाला, डुंगरसेमरा. मग गिरीशने विचारलं, दुसरं निवडलं होतं ना. गुरमेल म्हणाला, दुसरं आलंच नाही, नक्शे में एक ही है.

ताटली गिरीशच्या हातात तशीच राहिली. विश्वनाथरावांना कळायला थोडा वेळ लागला, मग त्यांचा चेहरा उतरला. मंदाकिनीबाईंनी इतके दिवस मनात जमवून ठेवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण समोर शिऱ्याची ताटली होती, आणि नवरा होता, आणि दोन्हींकडे बघवत नव्हतं.

गिरीश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. ताटली ओट्यावर ठेवून म्हणाला, “बाबा, नाव दुरुस्त झालं. आता गहू पण त्या फोनमध्येच कापा.”

मशीन माघारी बोलवावी तर तेही सोपं नव्हतं. त्या बाजूला रीतच अशी की सुगीत मशीन एकदा गावाच्या हद्दीत शिरली की गाव तिला रिकामी सोडत नाही. लोक येतात, चालकाला लस्सी पाजतात, दाजी-भय्या करतात आणि मशीनमागे ट्रॅक्टर आडवा लावून ठेवतात. तिकडच्या डुंगरसेमराला तर ती आयती दारात चालून आली होती. गुरमेलने कळवलं की पाटलाचं शेत झालं की उद्या सोडतो म्हणतायत. मग फोन लागेनासा झाला. गिरीश मोटरसायकल काढून दुसरी मशीन शोधायला विदिशाच्या अंगाला गेला.

पश्चिमेला ढग आला होता. मोठा नव्हता, पण काळा होता.

मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि विळे काढले. शरबती गव्हावर एकदा पाऊस पडला की दाण्याची चमक जाते, मग तो मंडईत कुणी हातात धरत नाही. खालच्या पट्टीतला गहू वाऱ्याने आधीच वाकला होता, निदान तो तरी हाताने काढायचा असं त्यांनी ठरवलं. गावात मजूर कुणी नव्हतं, सगळे मोहाची फुलं वेचायला रानात गेलेले. दोन म्हाताऱ्या आल्या, त्यासुद्धा मजुरीला पेंढ्या मिळतील या बोलीवर. त्या दोघी, मंदाकिनीबाई, ऋतुजा आणि विश्वनाथराव अशी ओळ लागली.

ऊन डोक्यावर आलं. कुसळं मानेत, बाह्यांत, पोटऱ्यांवर घुसत आणि घामाने चरचरत. ऋतुजाने आयुष्यात विळा धरला नव्हता, तिच्या करंगळीला लगेच लागलं. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा वाकली. म्हाताऱ्या बोलत बोलत पुढे निघून गेल्या, त्यांच्या हाताला जणू डोळे होते. विश्वनाथराव सगळ्यांत मागे. त्यांचं कापणंही ड्राफ्ट्समनचं. पेंढी बांधली की ती हातभर लांब धरून बघायचे, सारखी झाली का, बुडखे एका रेषेत आले का.

“अहो, गव्हाला मापात मारू नका, नुसता कापा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. सकाळपासून नवऱ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांच्या तळहाताला फोड आला, तो फुटला, विळ्याची मूठ ओली झाली. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि कापत राहिले. कंबर धरली तेव्हा उठता येईना, म्हणून गुडघ्यांवर सरकत कापू लागले. मंदाकिनीबाईंना आता त्यांचा रागही येत होता आणि कीवही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या जास्तच चिडल्या. त्यांनी ऋतुजाला सांगितलं, त्यांना सावलीत बसव, नाहीतर उद्या गव्हासोबत यांनाही उचलावं लागेल.

विश्वनाथराव कडुलिंबाखाली बसले. पाणी प्यायले. मग त्यांनी फोन काढला. मंदाकिनीबाई ते बघून विळा टाकून तरातरा तिकडे गेल्या. इतकं झाल्यावरही हा माणूस फोन काढतो म्हणजे काय म्हणावं याला.

“आता काय सुधारताय?”

“बिघडवतोय,” ते म्हणाले. “पुन्हा डुंगरसेमरा करून टाकतो. उद्या ट्रॉलीवाला येईल, परवा व्यापारी येईल, सगळे तिकडेच जातील.”

रुमाल गुंडाळलेल्या हाताच्या अंगठ्याने अक्षरं उमटत नव्हती. त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. नकाशावाल्यांचं तात्काळ उत्तर आलं की हे नाव नुकतंच दुरुस्त झालं आहे, नवी सूचना तपासून कळवू. विश्वनाथराव त्या उत्तराकडे बघत बसले. दोन वर्षं खोट्याला चिकटून बसलेला नकाशा आता खऱ्याला चिकटून बसला होता. मंदाकिनीबाईंना हसू येणार होतं, पण पश्चिमेकडे नजर गेली आणि त्या पुन्हा शेतात निघून गेल्या.

गिरीश त्या रात्री विदिशाकडेच राहिला. सगळ्या मशिनी गुंतलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरमेलने कुणाच्या तरी फोनवरून कळवलं की त्याला सोडलं, तो निघाला आहे, पण त्याचा फोन फुटला आहे, विचारत विचारत येईल. एवढं बोलून फोन बंद झाला.

विचारत विचारत म्हणजे कुणाला? बैरसिया रोडवरून आत तीन कच्चे रस्ते फुटतात, तिन्ही सारखेच, तिन्हींच्या तोंडाशी तसलीच बाभळ. पाटीवर पुढारी हात जोडून उभा. विश्वनाथराव टोपी घालून निघाले आणि तिठ्यावर जाऊन उभे राहिले.

मंदाकिनीबाई दुपारी भाकरी घेऊन गेल्या तेव्हा ते तिथेच होते. सावली नव्हती. चिंधी बांधलेल्या हातात लाल गमछा, आणि मोठं वाहन दिसलं की तो हलवायचे. ट्रकवाले हॉर्न वाजवून हसून जात. एका जीपवाल्याने थांबून सांगितलं, बाबा, बस यहां नहीं रुकती. ते म्हणाले, मालूम है. मंदाकिनीबाईंनी फडकं सोडलं, पण ते खायला बसेनात. बसलो आणि तेवढ्यात गेला तर, म्हणाले. मग बाईंनीच भाकरीचा घास करून त्यांच्या हातात दिला आणि विश्वनाथरावांनी तो उभ्यानेच खाल्ला. कालच्या शिऱ्याची आठवण दोघांनाही झाली असावी.

ढग आता अर्ध्या आभाळाला आला होता. वाऱ्याला मातीचा वास होता, म्हणजे कुठेतरी पाऊस पडत होता.

मशीन दिसली ती लांबूनच, रस्ताभर रुंद, धुळीने माखलेली. विश्वनाथराव रस्त्याच्या मधोमध गेले आणि गमछा हलवू लागले. मशीन थांबली. वर केबिनमध्ये गुरमेल, डोळे लाल, वैतागलेला. त्याने विश्वनाथरावांना कधी बघितलं नव्हतं. त्याला वाटेत दोन ठिकाणी चुकीचं सांगितलं होतं आणि आता त्याचा कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्याने इंजिन बंद न करता विचारलं, डुंगरसेमरा किधर?

विश्वनाथरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “ये डोंगरसेमरी है.”

गुरमेलने हात झटकला, म्हणाला मला डुंगरसेमरा हवंय, आणि मशीन पुढे काढली. चाकं फिरली. मंदाकिनीबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं तोवर विश्वनाथराव धावले होते. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, मशीनच्या कडेकडेने धावत ते पुढे गेले आणि दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले. पात्यांचा मोठा पंखा त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

“यही है,” ते म्हणाले. धाप लागली होती, शब्द सुटे सुटे येत होते. “डुंगरसेमरा यही है. दूसरा वाला. मोड़ लो.”

गुरमेलने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मशीन वळवली.

शेत कापून व्हायला फार वेळ लागला नाही. माणसं दिवसभर वाकून जेवढं करतात तेवढं ती मशीन चहा उकळेपर्यंत करून मोकळी होते. गिरीश वेळेवर पोचला, ट्रॉली लागली, गव्हाची धार ट्रॉलीत पडू लागली आणि ऋतुजा ताडपत्रीची टोकं धरून उभी राहिली. शेवटची पट्टी राहिली तेव्हा थेंब आले. ती पट्टी भिजली. बाकीचा गहू कोरडा, पिवळा, चमकदार, ताडपत्रीखाली गेला. गिरीशने मूठभर दाणे काढून बापाच्या चिंधी बांधलेल्या हातावर ठेवले. तिन्हीसांजेला त्याने विलासरावांना फोन करून सांगितलं की दुकानाचं राहू दे, इथे काम आहे, आणि ऋतुजा ते ऐकत पडवीत चिंधी सोडून करंगळी धूत बसली.

मग त्याने आईला विचारलं, गुरमेलला तिठा सापडला कसा, तिथे तर पाटीपण दिसत नाही.

“तुझे बाबा उभे होते,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. बाबा काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही. एरवी हा किस्सा त्यांनी वर्षभर पुरवला असता.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. विश्वनाथरावांचा फोन उजळला. चष्म्यावर गव्हाची धूळ बसली होती, त्यांनी फोन तसाच डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचत राहिले. मग तो मंदाकिनीबाईंपुढे धरला. नकाशावाल्यांनी त्यांची दुसरी सूचना तपासून मान्य केली होती, आणि सहकार्याबद्दल आभार मानले होते. शेताशेजारी पुन्हा डुंगरसेमरा लिहिलेलं होतं.

“मीच केलं,” ते म्हणाले. “या वेळी मीच केलं.”

फोन मांडीवर पालथा घालून ते बसून राहिले. मंदाकिनीबाईंनी त्यांना इतक्या वर्षांत कारखान्यासाठी, पोरांसाठी, आईच्या दुखण्यासाठीही असं खचून बसलेलं बघितलं नव्हतं. या नावाने दोन वर्षं मंदाकिनीबाईंचाही जीव खाल्ला होता. हे कायमचं संपलं तर बरंच होतं की. पण ते संपलेलं त्यांना बघवेना.

त्यांनी नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि परत लावून दिला.

“गहू तोलून होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग करा परत सुरुवात. विहिरीचा दगड मी घासून देते.”

आतून गिरीशचा आवाज आला, “आणि बाबा, या वेळी मान्य झालं की शिऱ्याच्या आधी मला सांगा.”